न्युंगची अधिक-उण्यातली मेल

साऊताईचं खरं नाव तिच्या नवऱ्यालाही आठवून सांगावं लागतं. आमच्या व्हिएतनामातल्या सादेकात थोरल्या पोराला 'दोन' म्हणतात आणि तिथून पुढे मोजतात. ही 'सहा', आमच्या भाषेत साऊ. माझी नूडलची गाडी तिच्या इंटरनेटच्या दुकानासमोरच आहे, त्यामुळे तिचं फटकळ तोंड मी रोज ऐकते. गेम खेळणाऱ्या पोरांना ती अशा शिव्या घालते की माझी गिऱ्हाइकं चमचा खाली ठेवून ऐकत बसतात.

पण ताम आजी पायरी चढली की दुकान चिडीचूप. आजीची न्युंग लग्न होऊन तैवानला गेलेली. तिची मेल यायची आणि आजीला वाचता येत नाही, मग साऊताई वाचून दाखवायची. एकदा वाचून आजीचं कधी भागायचं नाही. "परत वाच," म्हणायची, आणि ही फटकळ बाई निमूट परत वाचायची.

मेल यायची यूटीएफ-सात नावाच्या पद्धतीत. आमच्या अक्षरांच्या डोक्यावर आणि पायाशी चिन्हंच चिन्हं. तेव्हाच्या मेल-यंत्रणेत ती वाटेतच गळायची. या पद्धतीत साधी अक्षरं तशीच जातात. चिन्हांचं अक्षर मात्र अधिक आणि उणे यांच्यामध्ये गुंडाळून जातं आणि पोचल्यावर प्रोग्रॅम ते सोडवतो. न्युंग निघाली तेव्हा साऊताईनेच तिला ती निवडायला शिकवलं होतं. पुढे सगळ्या जगाने ती सोडली, न्युंगने नाही. ताईने सांगितलंय म्हटल्यावर विषय संपला. आणि तिच्या मेलसाठी साऊताईने एक जुनाट कॉम्प्युटर कोपऱ्यात जपून ठेवला.

गेल्या साली न्युंग तिकडेच तापाने गेली. यंदाच्या पुरात तो कॉम्प्युटरही गेला. मेल पेनड्राइव्हवर शाबूत राहिल्या, पण नवे प्रोग्रॅम ही पद्धत ओळखेनात. धोक्याची म्हणून काढून टाकली म्हणे. सायगॉनचा एक ओळखीचा म्हणाला, पुढच्या आठवड्यात बघतो. न्युंगचं वर्षश्राद्ध तर दुसऱ्याच दिवशी होतं, आणि आजीचं मागणं एकच: पान मांडलं की फोटोसमोर लेकीची शेवटची मेल वाचायची.

नारळपाण्यात शिजलेलं मांस, अंडी, आंबट माशाचं कालवण, सगळं न्युंगच्या आवडीचं मांडलं होतं. साऊताई लॅपटॉप घेऊन आली, पण तिला मान वर करवेना.

"आजी, उघडत नाही गं."

"म्हणजे? मेल हरवली?"

"आहे. पण नुसतं अधिक-उणे दिसतंय. मधेमधे एखादं अक्षर."

"जन्मभर त्या डबड्यापुढे बसलीस आणि ऐन वेळी हात वर!" आजी कडाडली. मग स्टूल ओढून तिला खेटून बसली. "बरं. मी म्हणते, तू बघत जा."

आणि आजीने मेल म्हणायला सुरुवात केली. "'आई, इकडे थंडी पडलीय. मी दोन-दोन मोजे घालते. सासूबाईंना आपलं कालवण आवडलं, पण नाक मुरडत खातात...'"

साऊताईचं बोट पडद्यावरून सरकू लागलं. न गुंडाळलेली साधी अक्षरं जागच्या जागी उभी होती. "जुळतंय," ती पुटपुटली. "आजी, जुळतंय!" ती खाली सगळं स्वच्छ टाइप करू लागली. आम्ही शेजारणी पदार्थ विसरून ऐकत होतो, आणि मला रडू आवरत नव्हतं.

"'...आई, मला तुझी फार आठवण येते.'"

बोट थांबलं. पडद्यावर त्या वाक्याचं एकही अक्षर नव्हतं. तिथली अक्षरं सरळ भावाच्या होडीच्या इंजिनाच्या चौकशीची होती.

"काय झालं? टाइप कर ना," आजी म्हणाली.

"आजी, हे वाक्य... ते..."

"तिचं नाही, तुझं आहे. ठाऊक आहे मला. माझी न्युंग असलं बोलणारी होती का? इंजिनाचंच विचारायची ती. तू पहिल्यांदा वाचलंस ना, तेव्हाच कळलं होतं मला."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

आजीने लेकीच्या पानातलं कालवण जरा सारखं केलं.

"बोलले असते तर दुसऱ्यांदा वाचलं नसतंस."