मामांच्या फोनचा पीळ

आमच्या सौ.च्या मामांइतकं मन लावून आजारी पडलेला माणूस पुण्यात दुसरा झाला नसेल. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन ते कर्वेनगरात राहत. लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग, झाल्याचं कळल्यावर ते थेट कोपऱ्यावरच्या नव्या सायबर कॅफेत जाऊन बसले आणि परतले ते मास्तर होऊनच. शहाळी घेऊन, चेहरे पाडून भेटायला येणाऱ्यांच्या हातात ते फोनचा रिसीव्हर देत आणि पीळ पडलेली वायर दाखवत. "हा समजा डीएनए. एका पेशीच्या दोन व्हायच्या तर हा उलगडायला हवा, पण इथे उलगडला की पुढचा पीळ घट्ट होतो. मग एक एन्झाइम येऊन धागा कापतं, पीळ सोडवतं आणि परत जोडतं. आपलं औषध त्याला कापू देतं आणि जोडायच्या वेळी नेमका हात धरतं. धागे तुटके राहिले की पेशी मरते. आमचं खातं रस्ता खणायचं आणि बुजवायचं नाही, अगदी तसं." एका मावशींना हुंदका आवरेना, तेव्हा म्हणाले, "रडा, पण आधी रिसीव्हर खाली ठेवा. गुंता वाढतोय."

कर्करोगाच्या पेशींसारखी केसांची मुळंही भराभर वाढतात, म्हणून हे औषध त्यांनाही सोडत नाही, हे मामांनी वाचलं होतं. त्यामुळे पहिल्या डोसनंतर केस जागच्या जागी राहिले तेव्हा त्यांना जेवण गोड लागेना. रोज सकाळी उशी तपासायची, कंगवा उजेडात धरून बघायचा. शेवटी त्यांनी डॉक्टरांना विचारलंच, "अहो, बाटलीत नुसतं सलाईन तर नव्हतं ना?" डॉक्टरांनी धीर धरायला सांगितलं. पुढे एका सकाळी मूठभर केस हातात आले आणि मामांनी सोसायटीभर पेढे वाटले. टकलाचे कसले पेढे, असं कुणीतरी विचारलं. "औषध लागू पडल्याचे," मामी म्हणाल्या आणि पुढच्या दाराची बेल वाजवली.

उपचार संपले, गाठी विरल्या. डोक्यावर लहान बाळासारखं मऊ जावळ आलं, तेव्हा मी मामांचं अभिनंदन करायला गेलो. मामा हसले नाहीत. बोटाभोवती वायर गुंडाळत हळूच म्हणाले, "जावईबापू, हे केस परत आले. मग त्या गाठीही येतील का हो?"

सगळ्यांना शिकवणाऱ्या त्या माणसानं मला पहिल्यांदाच काही विचारलं होतं. मी रिसीव्हर उचलून टेबलाखाली लोंबता सोडला. तो गरगर फिरू लागला, वायरीचा पीळ सुटत गेला. तो थांबेपर्यंत आम्ही दोघं तिकडेच बघत बसलो.