आक्कांची लोखंडी कढई

आक्का, निपाणीच्या स्टँडवर बेळगावची गाडी सुटायच्या आत तुम्ही धापा टाकत आलात नि लोखंडी कढई माझ्या मांडीवर ठेवलीत. थोरली जाऊ म्हणून हुकूमही सोडलात, "ह्यातच भाजी कर गं. पोरीला रक्त भरंल."

पोरगी म्हणजे माझी नात मयू, तेव्हा सहा वर्षांची. तिला थॅलेसेमिया. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायला बेळगाव गाठायचं, म्हणून मुलानं तिथंच अनगोळात खोली घेतली. माझ्या नावाची सगळी भांडी पोत्यात भरून मीही आपल्या एकत्र घरातनं निघाले. मागं एक वाटी ठेवली न्हाय.

इथं लई निष्ठेनं रांधलं बघा. कढईत मेथी, राजगिरा, वर गुळाचा खडा. एकदा डॉक्टरीणबाईंनी फेरिटीनचा, म्हणजे अंगात साठलेल्या लोखंडाचा, रिपोर्ट बघून विचारलं, "आजी, काय खायला घालता?" मी अभिमानानं सांगितलं. त्या हसल्या, मग समजावत बसल्या. हिच्या अंगात लोखंड कमी न्हाय, जास्त झालंय. रक्ताच्या प्रत्येक पिशवीतनं ते येतं, अंगाला बाहेर टाकता येत न्हाय, हृदयात नि लिव्हरमध्ये साठतं. कढईचं त्यात थोडंच, पण वरून भर कशाला?

कढई माळ्यावर गेली. रोज सकाळी उपाशीपोटी लोखंड काढायची गोळी पाण्यात विरघळवून पाजणं हे माझं काम झालं. मयू तोंड वाकडं करायची, "आजी, खडू कालवलास की गं!"

तुम्हाला मात्र सांगवलं न्हाय. फोनवर विचारायचात, "कढई वापरतीस न्हवं?" मी म्हणायची, "व्हय, रोज." बारा वर्षं.

यंदा बारावी झाल्यावर मयूला तुमच्याकडं एकटीनं पंधरा दिवस राहायचं होतं. मग गप्प बसून चालणार न्हवतं. धीर करून सगळं सांगितलं. तुम्ही कडाडलात, "येडे, माझी कढई काय पोरीपरीस मोठी?"

मयू परत आली ती तुमच्याच गोष्टी सांगत. गोळी पोटात गेल्याशिवाय तुम्ही स्वतः चहाला शिवत न्हवता म्हणे. परवाच्या रिपोर्टात फेरिटीन आणखी उतरलंय, आक्का.

आणि ती म्हणाली, तुम्ही बाजारातनं नवं जर्मनचं, अॅल्युमिनियमचं पातेलं आणून त्यावर तिचं नाव घालून घेतलंय. ती बेळगावला परतल्यावरही ते फळीवरच राहणार, दुसऱ्या कुणाची भाजी त्यात व्हायची न्हाय.

मला वाटायचं, त्या घरात आता आपलं काही उरलं न्हाय. उरलंय की. चुलीशेजारच्या फळीवर, मयूच्या नावाचं.