रेडिओवरचा वकील

आमच्या बारक्याला नट व्हायचं वेड लागलं ते रेडिओपायी. लहानपणी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून नाटिका ऐकायचा; शेजारी दूध उतू गेलं तरी पत्ता नसायचा. एका मालिकेतल्या वकिलावर तर त्याचा जीवच. तो खर्जातला आवाज, वाक्याआधीचं खाकरणं, सगळं त्यानं जसंच्या तसं उचललं.

पण नुसत्या कानानं शिकलेला नट रंगमंचावर काय दिवे लावणार? आवाज दणदणीत, हात मात्र लटकलेले. "तुझ्यापेक्षा खांब बरा, निदान छत तरी धरतो," एका दिग्दर्शकानं चारचौघांत सुनावलं. मेला! एकामागून एक तालमींतून त्याला काढलं. शेवटी बाबांनी बजावलं, "या महिन्यात काम मिळालं तर ठीक, नाहीतर मुकाट्यानं ताईच्या दुकानात बसायचं." ताई म्हणजे मी. घरचं दुकान मीच बघायची, पण मलाही तो तिथं नको होता.

आणि काय सांगू, रेडिओवाल्यांचंच बोलावणं आलं! ती मालिका अजून चालू होती, तिच्यात वकिलाचं काम करणाऱ्या नटाचा घसा बसला होता, आणि बारक्याच्या नकलेची गोष्ट तालमीतल्या कुणीतरी तिथं पोचवली होती. माइकसमोर उभं राहून नुसतं बोलायचं, बारक्याला आणखी काय हवं? माझ्यापुढे घोकून घोकून त्यानं माझं डोकं उठवलं. बाबांना मात्र सांगू देईना. "शेवटी नावं वाचतात ना ताई, तेव्हाच कळू दे."

ध्वनिमुद्रण आधीच उरकलं होतं; नाटिका लागायची त्या संध्याकाळी आम्ही तिघं रेडिओला चिकटून बसलो. वकील बोलायला लागला आणि माझ्या अंगावर काटा आला. बाबांनी मांडीवर थाप मारली. "वा! याला म्हणतात नट. शीक जरा!" बारक्या गालातल्या गालात हसत होता.

मग निवेदिकेनं नावं वाचली. वकिलाच्या भूमिकेत त्या जुन्या नटाचं नाव! मी हबकलेच. बारक्या पांढराफटक पडला. श्रोत्यांचा विरस नको म्हणून बदली माणसाचं नाव घेतच नाहीत, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"बाबा, तो मी होतो," तो कसाबसा म्हणाला.

"अहो बाबा, खरंच तोच होता!" मी ओरडले.

"तू गप्प बस. तूच लाडावून ठेवलंयस त्याला."

तेव्हा बारक्या उठला आणि वकिलाचं शेवटचं भाषण त्यानं खाकरण्यासकट म्हणून दाखवलं. अगदी तोच आवाज! मला रडू आवरेना.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग रेडिओ बंद करत म्हणाले, "नक्कल बरी करतोस रे. दुकानात गिऱ्हाईक खूश राहील."