न्हाणीतले सांधे

रविवार. सकाळी आठ वाजता मागच्या न्हाणीत पांढरं सिमेंट कालवलं आणि टाइल्सच्या सांध्यांत भरलं. साडेनऊपर्यंत ते जवळजवळ सगळं पुन्हा बाहेर आलं होतं.

मी इथे फारसं लिहीत नाही. पण हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं...

आमचं घर इब्रामपूरला. हे वास्कोला बंदरात कारकून होते, शनिवारी रात्री घरी यायचे आणि सोमवारी पहाटेच्या बसने जायचे. गेल्या वर्षी त्यांच्या डोक्यात आलं की मागच्या न्हाणीतली फरशी स्वतः बदलायची. चार रविवार त्यात गेले. चौथ्या रविवारी शेवटची टाइल बसली, सांधे तेवढे पुढच्या खेपेला भरायचे ठरले.

कोपऱ्यात, पाणी जायच्या भोकापासून तिरकी निघालेली एक रेघ होती. तिथल्या टाइल्स कापून जोडल्यासारख्या दिसत होत्या. मला वाटलं, फुटल्या असणार आणि ह्यांनी तशाच चिकटवल्या.

"फरशेक ठिगळ लावणारे तुमीच पयले," मी म्हटलं.

ते हसले. "सांदे भरले काय दिसूचां नाय," एवढंच म्हणाले. हात धुतले आणि जेवायला बसले.

बुधवारी वास्कोहून फोन आला. ते कामावरच खुर्चीत कलंडले होते... दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

त्याला आता अकरा महिने झाले. न्हाणीचं दार मी लावून घेतलं होतं, आतल्या बाथरूमवर भागत होतं. आता वर्षश्राद्ध जवळ आलं, पाहुणे येणार, म्हणून धाकटे दीर न्हाणी बघायला आले. त्यांनी दारातूनच मान हलवली.

"वैनी, ह्यां सगळां फोडून नवां घालूया. लोक येतले, तेंका ह्यां दाखवूचां काय?"

ते वाईट म्हणून बोलले नाहीत. रेघ वाकडी होतीच, आणि तसं मीच आधी म्हटलं होतं. पण फोडायला माझी तयारी नव्हती. रविवारी मेस्त पाठवतो, असं सांगून ते गेले. गवंड्याला आमच्याकडे मेस्त म्हणतात.

मग ठरवलं, तो यायच्या आत आपणच सांधे भरून टाकायचे. भरलेलं बघितलं की कदाचित राहू देतील. ह्यांनी आणून ठेवलेलं सिमेंटचं पाकीट पावसाळ्यात दगड झालं होतं. पेडण्याहून, ऑफिसातून येताना, नवीन आणलं.

भरणं सोपं वाटलं. पण टाइल्सवर पांढरा राप धरला, तो काही निघेना. शेवटी नारळाच्या काथ्याचं सोडण घेतलं आणि रोज भांडी घासते तशी जोर लावून घासायला बसले. राप निघाला... आणि त्याच्याबरोबर सांध्यांतलं सिमेंटही.

नेमका तेव्हाच मेस्त आला. चंदगडकडचा माणूस, बरीच वर्षं आमच्या भागात काम करतो. माझ्या हातातलं सोडण बघून तो दारातच थांबला.

"वैनी, फरशी हाय ती, टोप न्हवं!"

मलाही हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

मग तो आत येऊन उकिडवा बसला. त्या तिरक्या रेघेवरून बोट फिरवलं, पुन्हा उलटं फिरवलं.

"ह्ये कुणी केलंय?"

"ह्यांनी. फुटलेल्या टाइल्स जोडल्यात त्या."

"फुटल्यात कुठल्या? कापल्यात. जरा पाणी ओता बघू हितं."

मी बाल्दीभर पाणी ओतलं. कपडे धुताना मी जिथे उभी राहायचे, तिथेच. पाणी दोन्ही बाजूंनी त्या रेघेकडे वळलं आणि तिच्यावरून सरळ भोकात गेलं. पायाशी थेंब थांबला नाही.

"दोन्हीकडनं उतार द्यायचा तर टाइल अशी तिरकी कापाय लागती. आमीसुदीक कंटाळा करतो," तो म्हणाला. "हितं कोण घसरलं होतं काय?"

मी घसरले होते. हे काम काढायच्या आदल्या पावसाळ्यात, त्याच जागी साचलेल्या पाण्यात. मनगट मोडलं, दीड महिना प्लास्टर होतं. पण न्हाणीचं काम त्यासाठी चाललं आहे, असं हे एकदाही बोलले नाहीत. मी विचारलंही नाही... टाइल्सची हौस आली असेल, असं समजून मोकळी झाले.

मेस्तला चहा दिला. अर्ध्या तासात भरून देतो म्हणाला, पण मी नको म्हटलं. फक्त कसं करायचं ते विचारून घेतलं. सांधे आधी ओले करायचे, सिमेंट घावनाच्या पिठापेक्षा घट्ट कालवायचं, रबराच्या तुकड्याने दाबून भरायचं. आणि ओलं फडकं सांध्याला आडवं, हलक्या हाताने फिरवायचं.

दुपारी दिरांना फोन करून सांगितलं, फोडायचं नाही. का ते फोनवर सांगत बसले नाही. ते म्हणाले, "बरां वैनी. रवां दे."

संध्याकाळपर्यंत सगळे सांधे भरले. त्या रेघेशी बराच वेळ लागला. आमच्यात बोलणं कमीच होतं आणि त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. पण त्या रविवारी मी ठिगळ म्हटलं, तेव्हा त्यांनी मला खरं सांगायला हवं होतं... भांडायला तरी हवं होतं. एवढं माझ्यासाठी करून ठेवलं, आणि मला ते एका परक्या माणसाकडून कळलं. कळलं हेही खूप झालं.

भरलेल्या सांध्यांवर तीन दिवस पाणी मारायला मेस्तने सांगितलं आहे. आज सकाळी ऑफिसला निघण्याआधी तांब्या घेतला आणि हाताने सगळीकडे पाणी शिंपडलं.