जावयाला समुद्र दाखवायला नेलं, त्याची गोष्ट

मे महिन्यात पाणी कमी होतं, हे मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत पक्कं ठाऊक होतं.

आमचं गाव मुळशी धरणाच्या काठावर. पावसाळ्यात पाणी दारापर्यंत येतं (खरं तर गोठ्यापर्यंत; दारापर्यंत असं मी घोटावड्याला कामाला आहे त्या कारखान्यात सांगतो). होळी झाली की ते मागे सरायला लागतं. काठावर एक दगड ठेवायचा आणि आठवड्याने जाऊन बघायचं. दगड कोरडा आणि पाणी चार हात खाली! लहानपणापासून हेच बघत आलोय. त्यामुळे पाण्यातलं मला कोणी काही शिकवू नये, असं माझं ठाम मत होतं. आणि या मताच्या जोरावर मी जावयाचं धोंड्याचं जेवण समुद्रावर करायचं ठरवलं.

धोंड्याचा महिना, म्हणजे अधिक महिना, तीन वर्षांनी एकदा येतो. या महिन्यात आमच्याकडे जावई म्हणजे साक्षात विष्णू. त्याला लेकीसकट बोलवायचं, त्याचे पाय धुवायचे, तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे मांडून वर दिवा लावून ते त्याच्या हातात द्यायचं. नवे कपडे करायचे. आणि त्याला कुठल्याही कामाला हात लावू द्यायचा नाही.

आता आमच्या विष्णूचा आणि माझा इतिहास सांगायला हवा. रूपालीने, माझ्या एकुलत्या एका लेकीने, प्रसादशी कोर्टात लग्न केलं. मला विचारलं नाही, म्हणून मी प्रसादशी दीड वर्ष बोललो नाही. तो बिचारा यायचा, वाकून नमस्कार करायचा, आणि मी पेपर वाचायचो. (पेपर पुष्कळदा परवाचा असायचा.) शेवटी आमच्या मंडळींनी, म्हणजे सुनंदाने, माझ्याशी बोलणं सोडलं तेव्हा मी धोंड्याला बोलवायला तयार झालो. रूपाली आणि प्रसाद भुकूमला राहतात; तिथून तिने फोनवर एकच वाक्य सांगितलं.

"अप्पा, या वेळी प्रसादचा अपमान झाला ना, तर मी पुन्हा त्या घरात पाय ठेवणार नाही."

मी हसण्यावारी नेलं. पण फोन ठेवल्या ठेवल्या कॅलेंडर काढून अधिक महिन्यातले रविवार मोजले, हे आज कबूल करतो.

म्हणून मी ठरवलं, करायचं तर असं करायचं की दीड वर्षाची भरपाई झाली पाहिजे. घरात काय, सगळेच धोंडे जेवण घालतात! आपण जावयाला समुद्र दाखवायचा. यात एक बारीकशी अडचण होती. प्रसाद मूळचा गुहागरकडचा. त्यांच्या घराच्या मागच्या दाराने बाहेर पडलं की समुद्रच लागतो.

"आवो, त्येला समुद्र दावणार?" सुनंदा म्हणाली. "त्यो समुद्रातच वाढलाय की!"

"त्यो त्येचा समुद्र. ह्यो मानाचा," मी म्हणालो.

रविवारी पहाटे चारला निघालो. प्रसाद म्हणाला, "अप्पा, गाडी मी चालवू का?" मी म्हणालो, "छे! तुम्ही मागे बसा आरामात." ताम्हिणी घाट उतरून माणगावच्या पुढे मी दोनदा रस्ता चुकलो. दोन्ही वेळा मागून अगदी हळू आवाजात "अप्पा, बहुतेक डावीकडे" असं आलं, आणि दोन्ही वेळा मी उजवीकडेच गेलो. कारण मान!

नऊच्या सुमारास पोहोचलो. गावाचं नाव सांगत नाही, तिथल्या लोकांना मी अजून आठवत असेन. जागा मात्र अशी की बघत राहावं. उंच काळा कडा थेट समुद्रात उतरलेला आणि कड्याला जागोजागी खाचा. एकेका खाचेत एवढीशी वाळू. शेजारच्या वाळूच्या मोठ्या पुळणीवर लोक होते, म्हणून मी कड्याच्या पायथ्याशी असलेल्या खडकांवरून सगळ्यांना पलीकडच्या खाचेत नेलं. तिथे चिटपाखरू नव्हतं.

"अप्पा," प्रसाद खडकांकडे बघत म्हणाला, "आज पौर्णिमा आहे."

"असंना का," मी म्हणालो. "उपास कुणाला हाय हितं?"

त्याने रूपालीकडे बघितलं. रूपालीने माझ्याकडे बघितलं. मी सतरंजी झटकली.

खडकावर एक बाई कोयतीने कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, काढत होती. ती उठली, टोपली कमरेवर घेतली आणि म्हणाली, "पाव्हणे, भरती लागलीय. ही वाट बुडते. निघा आता."

"बाई, आम्ही धरणकाठची माणसं," मी म्हणालो. "पाण्यातलं कळतं आम्हाला."

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि खडकांवरून निघून गेली. तिची ती नजर माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. प्रसादने पुन्हा तोंड उघडलं, तेवढ्यात मी त्याचं समाधान करायला पाण्याच्या कडेला तीन दगड ओळीने ठेवले. "हे बघा. मे महिना हाय. जेवून उठू तवर पाणी आणखी खाली गेलेलं असंल."

मग पाटावर लक्ष्मी-नारायण बसले. (पाट मी घरून नेला होता. होय, पाट!) सुनंदाने ताटात अनारसे मांडले आणि दिवा लावला, तो वाऱ्याने विझला, पुन्हा लावला, पुन्हा विझला.

"आवो, पानी पुढं आलंय का?" सुनंदाने विचारलं.

"न्हाई. तूच खाली सरकलीस."

"आन् तुमचं दगड कुटं हायेत?"

मी बघितलं. दगड नव्हते. आणि इथे मी जे बोललो ते आठवलं की आजही रात्री उठून पाणी प्यावंसं वाटतं. मी म्हणालो, "त्या बाईनं नेलं असतील. लोक दगड बी सोडत न्हाईत बघ!"

एवढं बोलून मी जावयाचे पाय धुवायला तांब्या घेऊन वाकलो. तांब्या तिरपा केला आणि लाट आली. तिने प्रसादचे पाय धुतले, माझे धुतले, सुनंदाचं लुगडं गुडघ्यापर्यंत धुतलं आणि जाताना ताट घेऊन गेली. ताट बुडालं. अनारसे काही क्षण वर तरंगत राहिले. चार दिवस खपून केलेले तेहतीस अनारसे समुद्राकडे निघाले, आणि त्यांच्या मागोमाग आहेराची पिशवी.

"माझं ताट!" सुनंदा ओरडली. "आईनं दिल्यालं!"

मागे वळून बघतो तर आलो ती खडकांची वाट गायब. तिथे नुसता फेस. मागे सरळ उभा कडा, पुढे समुद्र, आणि आमची वाळू सतरंजीएवढी राहिलेली. तरी मी म्हणालो, "थांबा, वसरंल आत्ता."

"अप्पा, उतरायला दुपारचे तीन वाजतील," प्रसाद म्हणाला. "पौर्णिमेची मोठी भरती आहे, अजून तासभर चढणारच आहे. आत्ता कमरेएवढं आहे, आत्ताच निघायचं."

दीड वर्षात पहिल्यांदा त्याने मला सरळ सांगितलं होतं. आणि दीड वर्षात पहिल्यांदा मी ऐकलं. पण मान राखायला म्हणालो, "तुम्ही बसा, मी बघून येतो," आणि ऐटीत खडकावर पाऊल टाकलं. शेवाळावरून पाय असा गेला की घोटा करकचून मुरगळला आणि मी पाण्यात बसलो. मागून लाट डोक्यावरून गेली. धरणात मी दोन-दोन तास पोहलोय, पण धरणाचं पाणी उलट मारत नाही.

प्रसादने आधी रूपाली आणि सुनंदाला हाताला धरून नेलं. दोन लाटांमध्ये थांबायचं, मग चार पावलं, पुन्हा थांबायचं. त्यांना पलीकडे पोहोचवून तो परत आला, माझ्यासमोर पाठ करून वाकला आणि म्हणाला, "बसा."

"छे छे! आजच्या दिवशी? तुम्ही जावई…"

"अप्पा. बसा!"

मी बसलो. शहाऐंशी किलो! पुराणात विष्णू गरुडावर बसतो. धोंड्याच्या महिन्यात विष्णूच्या पाठीवर बसलेला सासरा मुळशी तालुक्यात मी पहिलाच असेन. पाणी त्याच्या छातीला लागत होतं आणि मी त्याच्या गळ्याला मिठी मारून बसलो होतो, त्याच गळ्याला, ज्यात लग्नात हार घालायला मी गेलो नव्हतो. मला फार लाज वाटली. भीतीपेक्षाही जास्त.

"प्रसादराव," मी त्याच्या कानात म्हणालो, "माझं चुकलं."

"भरतीचं होय? असू दे."

"भरतीचं न्हाई. दीड वर्षाचं."

त्याने मला पाठीवर जरा वर सरकवून घेतलं. मग म्हणाला, "अप्पा, तोंड मिटा. लाट येतेय."

मोठ्या पुळणीवर माणसं गोळा झाली होती. पुढे ती कालवंवाली बाई. "आजोबांना हळू उतरवा हो," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "धरणात काय, भरती नसते?"

"नसते," मी म्हणालो. दगडांबद्दल तिची माफी मागावी असं मनात आलं, पण तिला तो आरोप ऐकू गेला नव्हता, आणि तेवढा एक अपमान मी स्वतःपाशीच ठेवला.

जेवण झालं ते एका टपरीवर, वडापाव. विष्णूने दोन खाल्ले. परतीला गाडी त्याने चालवली आणि एकदाही रस्ता चुकला नाही. मी मागे बसलो, घोट्याला रूपालीची ओढणी बांधून. माणगावला उतरून तिने माझ्यासाठी मलम आणलं आणि म्हणाली, "पुढच्या रविवारी येतो आम्ही. पाय बघायला." मी खिडकीबाहेर तोंड केलं, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते काही समुद्राचं नव्हतं.

परवा तिचा फोन आला. मी म्हणालो, "पुढचा धोंडा घरीच करू, बाई."

"नाही अप्पा. प्रसाद म्हणतो, तिथेच करू, त्याच खाचेत. फक्त तुमचं वजन तेवढं कमी करायला सांगितलंय."

तेव्हापासून माझा रात्रीचा भात बंद आहे. घरच्या शेतात इंद्रायणी तांदूळ पिकवणाऱ्या माणसाने भात सोडणं म्हणजे काय, ते आमच्याकडे येऊन विचारा. पण इलाज नाही. विष्णूच्या पाठीचा प्रश्न आहे!