पाचवीला दोन कमी

शाळेच्या स्टाफरूममध्ये दोन गोष्टी आपोआप साठतात. एक, कुणाच्या ते कधीच न कळणाऱ्या छत्र्या, आणि दुसरे किस्से. छत्र्या आम्ही दर दिवाळीला वाटून टाकतो. किस्से मात्र कुणी घरी नेत नाही, ते मलाच सांगत बसावे लागतात. आता पाचवीचा विषय निघालाच आहे, तर गेल्या उन्हाळ्यातला सांगते. फक्त मध्येमध्ये "खरंच का?" असं विचारू नका. खरंच आहे.

आमचं हायस्कूल कर्जतहून कळंबकडे जाताना लागणाऱ्या एका गावात आहे. पाचवी ते दहावी, मराठी माध्यम. मी तिथे मराठी शिकवते. एप्रिलमध्ये मुख्याध्यापक कर्णिक सरांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की जूनमध्ये पाचवीच्या पटावर वीस मुलं नसली, तर एक शिक्षक अतिरिक्त ठरेल. अतिरिक्त म्हणजे सरकारी हिशोबात जास्तीचा. आणि जास्तीचा नेहमी तोच असतो जो सगळ्यात शेवटी नोकरीला लागला. म्हणजे मी! अतिरिक्त माणसाला जिल्ह्यात जागा असेल तिथे पाठवतात, आणि जागा होती पोलादपूरला.

माझं घर कर्जतला. नवरा खोपोलीच्या कंपनीत शिफ्टमध्ये. मुलगा ईशान दहा वर्षांचा, चौथीची परीक्षा नुकतीच दिलेला. त्या दिवशी मोबाइलवर पोलादपूर किती लांब आहे ते बघितलं. रोज जाऊन येण्यासारखं नव्हतं.

*

कर्णिक सरांचं आधी सांगायला हवं. त्याच्या आधीच्या दिवाळीत साठवलेली रजा जोडून ते ब्रिटनला मुलीकडे गेले होते. गेले तेव्हा कर्जतचे होते. परत आले ते "तिकडे"चे!

"तिकडे मूल अकरा वर्षांचं झालं की सेकंडरी स्कूलला जातं," ते सांगायचे. "सप्टेंबर आला, अकरा पूर्ण झाली, चला मोठ्या शाळेत! वाद नाही, गोंधळ नाही. आणि आईबाप वर्षभर आधी शाळा बघत फिरतात. शाळा त्यांच्यासाठी दारं उघडून ठेवते."

आमचे क्लार्क ठोंबरे भाऊ कधी चेहरा हलवत नाहीत. त्यांनी विचारलं, "म्हणजे सर, तिकडे आईबाप शाळा बघायला जातात?"

"हो!"

"आपल्याकडे शाळा आईबापाला बघायला जाते."

सरांनी चष्मा पुसला आणि मीटिंग संपली असं जाहीर केलं.

*

ठोंबरे भाऊंचं खोटं नव्हतं. तिकडे अकरा म्हणजे अकरा असेल. आमच्याकडे मूल मोठ्या शाळेत कधी जातं, हे त्याच्या दारात आधी कोण पोचतं यावर ठरतं! जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत असायची, आता कुठे कुठे त्यांनीही पाचवी सुरू केली आहे. आमच्या गावात केली ती तिथल्या शाळेच्या घरत गुरुजींनी. म्हणजे एका गावात दोन पाचव्या आणि मुलं तेवढीच. दहा वर्षांच्या पोराला एवढा भाव आयुष्यात पुन्हा येत नाही.

मे महिन्यात मी आणि ठोंबरे भाऊ दारोदार निघालो. उन्हाने डोकं तापलेलं, हातात शाळेची माहितीपत्रकं. एका घरी ओटीवर बसलो तर आतून घरत गुरुजी पाणी पीत बाहेर आले! ते आमच्या आधी पोचले होते. आता काय करणार? एकाच बाकड्यावर तिघं बसलो. गुरुजींनी फुकट द्यायच्या कोऱ्या वह्या दाखवल्या, आम्ही दप्तर दाखवलं. गुरुजी म्हणाले, "आमची शाळा घराजवळ." मी म्हटलं, "आमच्याकडे प्रयोगशाळा आहे." प्रयोगशाळेच्या कुलपाची किल्ली दोन वर्षं सापडत नाही, हे मी सांगितलं नाही.

ज्या मुलीसाठी हे चाललं होतं ती मागच्या दारी कैऱ्या खात बसली होती. ओटीच्या कोपऱ्यात तिचा आजा बसला होता. तो खाकरून म्हणाला, "माज्या पोरीच्या लग्नाला येक स्थळ आलं व्हतं. नातीला पाचवीतच दोन आली!"

आणि आतल्या बाजूला ओरडला, "चा टाक गं. बघाया आलेत."

ती मुलगी शेवटी आमच्याकडे आली. ठोंबरे भाऊंनी कारण विचारलं तर म्हणाली, तुमच्या बाईंनी जास्त बिस्किटं खाल्ली नाहीत.

*

सरांच्या डोक्यातून "तिकडे" जाईना. त्यांनी ठरवलं की आपणही ओपन डे करायचा. बॅनर लावला. रांगोळी काढली. आठवीच्या मुलींना स्वागतगीताची तालीम दिली. अभिप्रायाची नवी वही ठेवली. सरांनी कोट घातला. मे महिन्यात, आमच्या भागात, कोट!

आमची एक छोटीशी चूक झाली. त्या दिवशी गावात तीन हळदी होत्या. सकाळपासून सगळं गाव मांडवात. डीजे लागलेला. स्वागतगीताच्या मुलीसुद्धा अकरानंतर हळूच सटकल्या.

चार वाजता एकच पाहुणा आला, घरत गुरुजी! सगळे वर्ग फिरले, पाण्याची टाकी बघितली, फळ्यावर टिचकी मारून बघितली. आमचा पट कितीवर आलाय तेही बोलण्याबोलण्यात ठोंबरे भाऊंकडून काढून घेतलं. जाताना वहीत सुवाच्य अक्षरात अभिप्राय लिहिला.

"शाळा उत्तम आहे. सहावीपासून अवश्य पाठवू."

*

मग सरांनी पसंतीचा फॉर्म आणला. तिकडे म्हणे पालक शाळांची नावं पसंतीच्या क्रमाने लिहून देतात आणि ठरलेल्या दिवशी उत्तर येतं. आम्हीही फॉर्म छापून घरोघरी वाटले. पहिली पसंती, दुसरी पसंती, तिसरी पसंती.

परत आलेल्या फॉर्मांपैकी एका घरचा तर आम्ही पुष्कळ दिवस जपून ठेवला होता. मुलाच्या वडिलांनी भरला होता. पहिली पसंती: पोरगा सांगंल ती. दुसरी पसंती: पोराची आय सांगंल ती. तिसरी पसंती: मला इचारू नये.

खाली सही होती आणि सहीखाली मोबाइल नंबर बायकोचा.

*

मेच्या अखेरीला एक दिवस सर स्टाफरूममध्ये पडलेल्या चेहऱ्याने आले. मुलीचा फोन आला होता. जावयाने नोकरी बदलली, सगळे स्कॉटलंडला चालले. तिथली पद्धत वेगळी. तिथे प्राथमिक शाळा एक वर्ष जास्त, मुलं साधारण बाराव्या वर्षी मोठ्या शाळेत जातात. सरांचा नातू जुलैचा, तेव्हा कुठे अकरा पूर्ण होणार. त्यामुळे इतकी फिरून, बघून, पसंती देऊन मिळवलेली सेकंडरी शाळा राहिली बाजूला, नातू अजून एक वर्ष प्राथमिकमध्येच.

"एका देशात दोन वयं!" सर म्हणाले. त्यांना खरंच लागलं होतं.

ठोंबरे भाऊ रजिस्टरमधून वर न बघता म्हणाले, "म्हणजे सर, तिकडचे घरत गुरुजी जिंकले."

*

जून उजाडला तेव्हा पटावर अठरा होते. वीसला दोन कमी. गावातली सगळी घरं पालथी घालून झाली होती. उरलं होतं एकच, यमुनाचं.

यमुना कळंबजवळच्या एका रिसॉर्टमध्ये खोल्या आवरते, चादरी बदलते. नवऱ्याबरोबर भातशेतीही करते. तिची मुलगी सुगंधा चौथीत पहिली आली होती. घरत गुरुजींनी तिला आपल्या पाचवीत जवळजवळ धरलीच होती. मी ठोंबरे भाऊंना घेऊन तिसऱ्यांदा यमुनाकडे गेले. या वेळी माहितीपत्रक काढलंच नाही, सरळ बोलले. सांगितलं की माझी नोकरी इथे राहायची तर मला मुलं हवीत, आणि तुझी मुलगी हुशार आहे, तिला मी मनापासून शिकवीन.

यमुनाने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "बाई, तुमाला पोरं किती?"

"एक. मुलगा आहे."

"कितवीत हाय?"

"आता पाचवीत जाईल."

"मंग तुमच्याच शालेत का?"

आता काय सांगू? ईशान पहिल्यापासून कर्जतच्या इंग्लिश मीडियमला. रोज सकाळी पिवळ्या बसमधून टाय लावून जातो. तो एकटाच नाही. आमच्या स्टाफमधल्या एकाही शिक्षकाचं मूल आमच्या शाळेत नाही. घरत गुरुजींची मुलगीसुद्धा त्याच पिवळ्या बसमध्ये असते. आणि कर्णिक सरांचा नातू तर सगळ्यात लांबच्या इंग्लिश मीडियमला! आम्ही दारोदार जाऊन लोकांना जे विकत होतो, ते आमच्या घरात कुणी घेत नव्हतं. इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मी स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं. मला इतकी लाज वाटली की मी ठोंबरे भाऊंकडे बघितलं. ते पहिल्यांदाच माझ्याकडे बघत नव्हते.

"तो... दुसरीकडे आहे," मी म्हटलं.

"अस्सं," यमुना म्हणाली. ती अजिबात चिडली नव्हती. तिने आमच्यासाठी चहाही टाकला. कप हातात देताना म्हणाली, "बाई, तुमचा पोरगा आना तुमच्या शालेत. मी सुगंधाला त्याच दिवशी घेऊन येते. बोललेला सबूद मी मोडत नाय."

परत येताना ठोंबरे भाऊंनी मोटारसायकल हळू केली. मग म्हणाले, "सोमण बाई, दोनच कमी आहेत. आणि ही दोन होतात."

*

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील?"

"फी झेपली नाही म्हणतील."

"आणि मी पोलादपूरला गेले तर?"

तो विचार करू लागला. माझा नवरा विचार करतो तेव्हा पंख्याकडे बघतो. पंख्याकडे बघत बघतच म्हणाला, "मला डाळ-भाताच्या पुढे काही येत नाही."

हा त्याचा होकार होता.

ईशानला विचारायची मला भीती वाटत होती. त्याने सगळं ऐकलं आणि अटी घातल्या. टाय घालणार नाही. वर्गात तू मला सोन्या म्हणायचं नाही. मीही तुला आई म्हणणार नाही, बाई म्हणेन. आणि तू माझ्यावर ओरडलीस तर मी घरी आईला सांगेन!

दाखला आणायला मीच गेले. तिथल्या मॅडमनी कारण विचारलं. मी म्हटलं, आईची बदली. तसं म्हटलं तर ते खोटं नव्हतं, फक्त ती होऊ नये म्हणून दाखला हवाय, एवढं सांगितलं नाही.

*

शाळेचा पहिला दिवस. पाचवीच्या मुलांना गुलाबाचं फूल आणि पुस्तकं देऊन वर्गात बसवलं होतं. ईशान पहिल्या बाकावर एकटा. बाजूची जागा रिकामी. एकोणीस. सर घड्याळ बघत होते, मी फाटक.

साडेदहाला यमुना आली. रिसॉर्टला सुट्टी टाकून, नवी साडी नेसून. सुगंधाचा हात तिने घट्ट धरला होता. वर्गाच्या दाराशीच थांबली.

"आदी बगू द्या," ती म्हणाली. "कंचा तुमचा?"

मी दाखवला. तिने ईशानला डोक्यापासून पायापर्यंत बघून घेतलं आणि मान हलवली. माझा जीव भांड्यात पडला. आता सुगंधाला आत सोडायचं, नाव पटावर चढवायचं, की झालं.

तेवढ्यात कर्णिक सरांना भाषणाची लहर आली. "मुलांनो, आज तुम्ही मोठ्या शाळेत आलात," म्हणाले. तिकडे काय असतं तेही थोडं सांगितलं. आणि मग, मी नको नको अशी खूण करत असताना, ते फळ्याकडे वळले. फळ्यावर मी सकाळीच रंगीत खडूने चार ओळींचं स्वागत लिहिलं होतं.

"चला, आपल्या मराठीच्या बाईंचे चिरंजीव आपल्याला हे वाचून दाखवतील!"

ईशान उठला. पहिल्या शब्दाशी थांबला. अक्षरं एकेक करून जुळवू लागला, बोटाने हवेत मोजल्यासारखी. दुसऱ्या शब्दाला त्याचा कान लाल झाला. तिसऱ्या शब्दाला त्याने माझ्याकडे बघितलं आणि ठरलेली अट विसरून अगदी बारीक आवाजात म्हणाला, "आई, हे कसं वाचायचं?"

वर्गात कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सर खिशात चष्मा शोधत होते, तो त्यांच्या डोळ्यांवरच होता. मी यमुनाकडे बघितलंच नाही. मला कळलं होतं की ती आता वळणार, मुलीला घेऊन सरळ घरत गुरुजींकडे जाणार, आणि मी तिला थांबवायला तोंड उघडू शकणार नाही.

यमुना फळ्याकडे बघत होती. मग तिने सुगंधाला विचारलं, "तुला येतं का गं?"

सुगंधाने दारातूनच चारही ओळी वाचल्या, कुठेही न अडखळता.

यमुनाने तिचा हात सोडला.

"जा," ती म्हणाली. "त्याच्या बाजूला बस आनी शिकव त्याला. बाई गावभर पोरं गोला करत फिरतात, त्यांना घरी शिकवाया येल नसंल घावला."