रिव्हॉल्व्हरचा वारस

माझ्या वडिलांकडे परवान्याचं रिव्हॉल्व्हर होतं, हे इथे आखातात, दार्सैतमधल्या आमच्या बिल्डिंगीत मी कुणालाच सांगितलं नव्हतं. कोकणातला काजूचा व्यापारी कमरेला हत्यार लावून फिरतो म्हटल्यावर लोक हसले असते. खरं तर मलाही हसूच यायचं. एकदा घाटात त्यांना गाडी अडवून लुबाडलं, तेव्हापासून त्यांनी परवान्यासाठी जिल्ह्याच्या गावी इतके हेलपाटे घातले की चपला झिजल्या. परवाना मिळाल्यावर दुकानात चांगली पिस्तुलं बघितली आणि घेतलं आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर. शर्ट बाहेर सोडला की दिसत नाही, एवढंच कारण. त्यानंतर कधी झाडलं म्हणून नाही. निवडणूक आली की मुकाट्याने पोलीस ठाण्यात जमा करायचे, निकाल लागला की घरी आणायचे.

पंचाहत्तरी उलटली, हात थरथरायला लागले आणि त्यांनी माझ्यामागे टुमणं लावलं, परवाना तुझ्या नावावर करू या. हयातीत वारसाला देता येतो, फक्त मी गावात राहायला हवं आणि चौकशीला स्वतः हजर व्हायला हवं. मी इथे एसीच्या कंपनीत फोरमन. "पुढच्या सुट्टीत नक्की," असं मी तीन सुट्ट्या सांगत आलो. काजूवरची माकडं हाकलायला रिव्हॉल्व्हर कशाला हवं, असंही वर ऐकवलं.

एका शुक्रवारी दुपारी आम्ही खोलीतले चौघं जेवायला बसलो होतो आणि त्यांचा व्हिडिओ कॉल आला. त्यांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं होतं, गोळ्या काढून बाजूला ठेवल्या होत्या आणि रिव्हॉल्व्हर फोनसमोर धरलं होतं.

"एकदा येवन हातात घेवन बघ. तुका जड वाटला तर बदलून घेवया."

शेजारच्याने मान वाकवून माझ्या फोनमध्ये बघितलं. मी घाईने फोन छातीशी धरला. परक्या देशात फोनवर बंदूक!

"बाबानू, आधी ता खाली ठेवा! माझी नोकरी घालवतलात!"

"बरां," म्हणाले आणि फोन ठेवला. त्यानंतर त्यांनी तो विषय कधीच काढला नाही. तब्येत विचारायचे, तिथे ऊन किती, विचारायचे. मला वाटलं, सुटलो.

त्या ईदला अर्बाबने, म्हणजे कंपनीच्या अरब मालकाने, सीब गावातल्या आपल्या घरी जेवायला बोलावलं. त्याच्या कमरेला चांदीच्या म्यानातला खंजीर होता. मी सहज विचारलं, केवढ्याचा? तो आमच्याशी बोलायचा तसल्या हिंदीत म्हणाला, "बाप का है. वो खुद बांधा मेरे को. मरने के बाद लिया तो खाली चांदी है." मी मान डोलावली आणि हलवा खाल्ला. माझ्यासारखा ठोंब्या मीच. त्या संध्याकाळी तिकीट काढायला हवं होतं.

जानेवारीत ते गेले. मी पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. बाराव्यानंतर रिव्हॉल्व्हर घेऊन ठाण्यात गेलो, कारण माणूस गेल्यावर ते घरात ठेवता येत नाही. ते मी पहिल्यांदाच हातात घेतलं होतं. जड नव्हतं.

"वारसाच्या नावावर करायचंय की कायमचं जमा?" हवालदाराने विचारलं आणि परवान्याचं पुस्तक उघडलं. आतून घडी घातलेला एक अर्ज खाली पडला. माझ्या नावाचा. सगळे रकाने वडिलांच्या थरथरत्या अक्षरात भरलेले, फक्त सहीची जागा मोकळी. सध्याच्या वास्तव्यापुढे त्यांनी लिहिलं होतं, 'वडिलांसोबत, राहत्या घरी.'

मला एकदम रडू फुटलं. हवालदाराने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि दुसरीकडे बघत बसला. माझं परतीचं तिकीट चार दिवसांवर होतं. तो अर्ज मी खिशात ठेवला आणि जमा करायच्या कागदावर सही केली.